चिमाबाईचं दार

१५ जून १९९८
महाडहून पोलादपूर, पुढे कापडे, आणि तिथून डोंगर चढून गुरुजींची स्वारी एकदाची वाडीवर पोचली. चपलेचा अंगठा तुटला, पण हवा काय सुंदर! शाळेच्या मागेच माझी खोली. वाडीचे कारभारी आबाजी यांनी तांदळाची भाकरी नि ताक दिलं. इथे कुणी दाराला कडी लावत नाही म्हणे. आमच्या महाडात चपलासुद्धा घरात घेऊन झोपतात.

२३ जून
वाडीबाहेर चिमाबाई नावाची एकटी म्हातारी राहते. तिच्या घराला चौकट आहे, दारच नाही. आबाजींनी कारण सांगितलं. डोंगरातून ‘ते’ येतं. एक घर उघडं असलं की बाकीच्यांची दारं मानतं. उघडं सापडलं नाही तर कुणाचंच मानत नाही. चिमाबाईला मागेपुढे कुणी नाही, म्हणून तिचं घर ठरलं. बदल्यात वाडी तिला पोसते. मी तासभर विज्ञान सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

५ जुलै
महाडच्या सुताराकडून दार करून आणलं. वाडीतला सदू नको नको म्हणत होता, तरी त्याच्याच पाठीवरून वर चढवलं आणि काल स्वतः बसवलं. आबाजी बघत राहिले. सरकारी माणसाला अडवणार कोण? आज सकाळी चिमाबाई म्हणाली, “गुरुजी, इतक्या वर्सांत पयल्यांदा झोप लागली बघा.” मला भरून आलं. स्वतःची पाठही थोपटून घेतली, खोटं कशाला बोलू?

१४ जुलै
सदूची गाय गेली. दाव्याची गाठ तशीच, रक्ताचा थेंब नाही. चिखलात एकही पाऊल नाही. बिबट्या असेल म्हणालो. माझाच विश्वास बसला नाही.

१८ जुलै
जानकीबाईची मीना रात्रीत गेली. माझ्या पहिलीतली. दार आतून बंद होतं. अंथरूण गरम होतं म्हणे. मी शाळा उघडलीच नाही.

१९ जुलै
आबाजी आले. दार मी बसवलं, मीच काढायचं, एवढंच म्हणाले. एक म्हातारी, आणि इतकी पोरं. मीही हाच हिशोब मांडला. स्वतःची किळस आली, पण उत्तर तेच येतं.

२० जुलै
बिजागऱ्या काढल्या. चिमाबाई म्हणाली, आजची रात ऱ्हाऊ द्या. मी नको म्हणालो. मी—

तिन्हीसांज
धुकं. सगळ्या वाडीनं कड्या लावल्या. माझ्या दारावर थापा. चिमाबाई. आत घ्या म्हणते. घेतलं तर तिचं घर रिकामं, मग उद्या कुणाचं पोर— मी उठलो नाही.

थापा थांबल्या. ती बाहेर बोलते आहे. माझ्याशी नव्हे. हळू, समजूत घातल्यासारखं. “हितं नको रे. हितं गुरुजी हायत. माझ्या घरी चल.”

मी दाराशी आलोय. डावा हात कडीवर. काढायला नव्हे. ती घट्ट—