दाराजवळची खुर्ची

८ जानेवारी

चि. बडबड्यास,

मनापासून आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या आईचा गुडघा सोडला तर घरात कुणाची तक्रार नाही. दुकानात काम बरं आहे. आत्ता एका आरामखुर्चीसाठी वेत भिजत घातला आहे. तो मऊ होईपर्यंत मी मोकळा, म्हणून लिहायला बसलो. फोनवरच बोला म्हणून तुझी आई मागे लागते, पण फोनचं आणि माझं कधी जमलं नाही हे तुला माहीत आहे. कागदावर मी अडखळत नाही.

तू आईला विचारलंस की तुझ्या मालिकेबद्दल लोक काय म्हणतात. ती म्हणाली, बाबांना विचार, सगळे दुकानात येऊनच बडबडतात. तेव्हा ऐक.

बहुतेकांच्या डोक्यावरून गेली आहे. एका विनोदवीराची गोष्ट म्हणून लोक रविवारी संध्याकाळी हौसेने टीव्हीसमोर बसले. बघतात तर काय, हा रंगमंचावरच झोपतो, तिथेच दात घासतो, आणि समोर प्रेक्षक म्हणून नुसत्या रिकाम्या खुर्च्या. त्यांना हसू आलं की त्या करकरतात. आणि दर भागात, शेवटचा विनोद यायच्या आत, मागच्या रांगेतली एक खुर्ची उठते आणि चार पायांवर दाराबाहेर चालू लागते. हा विनोद अर्धा टाकून तिच्यामागे धावतो. बाहेर कधी तळं असतं, कधी बँकेची रांग. खुर्ची काही सापडत नाही.

न्हावी म्हणतो, खुर्ची म्हणजे सरकार. औषधवाला म्हणतो, हे सगळं स्वप्न आहे, शेवटच्या भागात हा जागा होईल. असं तो प्रत्येक मालिकेबद्दल म्हणतो. समोरच्या निवृत्त मुख्याध्यापिकांनी वाहिनीला चार पानी पत्र पाठवलं आहे की विनोदी मालिका असेल तर हसायचं कुठे याची सूचना पडद्यावर द्यावी. वरच्या मजल्यावरची चिमणी आता सहा वर्षांची झाली. तिचं म्हणणं, खुर्चीला शू लागत असेल. आतापर्यंत मला हेच सगळ्यात पटलं.

तुझी आत्या पहिल्या भागानंतर रडली. एवढा शिकलेला मुलगा आणि खुर्च्यांशी बोलतो म्हणाली. दुसऱ्या भागानंतर तीच दवाखान्यातल्या अनोळखी बायकांना सांगत होती, तो आमचाच बरं का. तुझी आई खुर्चीबिर्ची काही बघत नाही, तुझे गाल बघते. तिच्या मते दुसऱ्या भागापासून ते आत गेले आहेत. या भागांचं चित्रीकरण एकाच महिन्यात झालेलं असतं हे मी तिला समजावलं, पण ती माझं कधी ऐकते.

माझं मत विचारशील तर त्या खुर्चीचं विणकाम ढिलं आहे. मधोमध पोटात गेलं आहे आणि मागचा एक पाय आखूड आहे. इकडे पाठवलीस तर दोन दिवसांत नीट करून देईन. बाकी ती कुठे जाते, का जाते, ते मला विचारू नकोस.

वेत भिजला असेल.

बाबा


२ फेब्रुवारी

चि. बडबड्यास आशीर्वाद.

कालच्या भागाने अख्ख्या इमारतीला कामाला लावलं. तू शेवटी एकदाची ती खुर्ची गाठलीस, तिच्यासमोर जमिनीवर बसलास आणि विचारलंस, "विनोद आवडला नाही का?" आणि मग पूर्ण एक मिनिट काहीच नाही. खुर्ची गप्प, तू गप्प. तुझ्या आईने टीव्हीच्या पाठीवर दोन चापट्या मारल्या. शेजाऱ्यांनी केबलवाल्याला फोन लावला. औषधवाला जिन्यात उभा राहून ओरडत होता, "तुमच्याकडे आवाज आहे का, आमचा गेला." न्हाव्याने तर नवीन रिमोटच आणला, आता परत घ्या म्हणून दुकानदाराशी हुज्जत घालतो आहे. मुख्याध्यापिका आज मुद्दाम दुकानात आल्या. मला वाटलं आता दुसरं पत्र दाखवतील. पण त्या म्हणाल्या, "ते मिनिट मला फार आवडलं. का ते कळलं नाही." आणि नुकत्याच विणलेल्या स्टुलावर दहा मिनिटं बसून राहिल्या.

चिमणी हल्ली आमच्याकडेच बघायला येते. काल सगळी पळापळ चालू असताना ती एकटी जागची हलली नाही. मला म्हणाली, "आजोबा, आवाज गेला नाहीये. खुर्ची बोलायचं बघतेय. तिचा पाय बघा."

मी पायच बघत होतो. पुढचा पाय जमिनीवर आपटत होता, हळूहळू, टक टक टक.

तुझ्या आईला मी म्हणालो, वेत भिजत घालायचा राहिला, आणि दुकानात येऊन बसलो. वेत सकाळीच भिजवला होता.

आज जास्त लिहवत नाही.

बाबा


११ फेब्रुवारी

चि. बडबड्यास,

आशीर्वाद आहेतच. पाकीट मिळालं. आत शेवटच्या भागाच्या चित्रीकरणाचे दोन पास. या वेळी रिकाम्या खुर्च्या नाहीत, खरी माणसं बसवणार, असं त्यावर छापलं आहे. तुझ्या आईचा पास पहिल्या रांगेतला. माझा शेवटच्या रांगेतला, दाराजवळचा. चिठ्ठी नव्हती.

तुझी आई म्हणाली, "बरं झालं, तुम्हाला बाहेर पडायला सोपं." तिला टोमणा मारायचा नव्हता. तुलाही नसेल. पण तीन दिवस तो पास माझ्या हत्यारांच्या पेटीवर पडून आहे आणि माझं कामात लक्ष नाही. काल एका खुर्चीची पूर्ण बैठक उलट्या बाजूने विणली. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं.

मागे तू आईला विचारलं होतंस, बाबांना त्या दिवशी राग आला होता का. ती म्हणाली होती, त्यांनाच विचार. तू विचारलं नाहीस, मालिका काढलीस. आता सांगतो.

सात वर्षांपूर्वी वाचनालयाच्या सभागृहात तुझा पहिला प्रयोग होता. तू खुर्चीवाल्याची नक्कल केलीस. गिऱ्हाईक विचारतं, कधी देणार, आणि तो बिचारा पहिल्याच अक्षरावर अडकतो. अडकला की मांडीवर बोटं आपटतो, टक टक टक. मी बोटं आपटतो हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. पोराने किती बारीक पाहिलं आहे, असं मनात आलं आणि मला हसू फुटलं. सगळ्यात आधी मी हसलो, मग सभागृह हसलं. हे तुला वरून दिसलं नसेल.

माझ्या शेजारी एक जाड चष्म्याचे गृहस्थ होते. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. चष्मा पुसत मला म्हणाले, "कमाल पोरगा आहे हो. तुम्ही ओळखता का याला?"

माझा मुलगा आहे, एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं, पण पहिल्या अक्षराच्या पुढे गाडी जाईना. ते गृहस्थ वाट बघत होते. तेवढ्यात माझी बोटं मांडीवर आपटायला लागली आणि मला ती दिसली. आणखी एक क्षण गेला असता तर त्यांना कळलं असतं की नक्कल कुणाची चालली आहे. मी मान हलवली. नाही म्हणून हलवली. ओळखत नाही म्हणून.

मग मला त्यांच्या शेजारी बसवेना. तू शेवटच्या विनोदावर आला होतास आणि मी काढता पाय घेतला. दारापाशी मागे वळून पाहिलं तेव्हा तू माझ्याकडेच बघत होतास आणि तुझं पुढचं वाक्य अडलं होतं. उभ्या आयुष्यात तुझं वाक्य अडलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

राग नव्हता रे. राग आला असता तर घरी येऊन तुला चार शब्द सुनावले असते, सकाळी विसरलोही असतो. मला लाज वाटली, आणि ती तुझी नव्हती. भर सभागृहात मी माझ्या मुलाला नाही म्हटलं, त्याची होती. महिन्याभरात तू घर सोडलंस. बस सुटेपर्यंत मी तुझ्या बॅगेची न बिघडलेली चेन नीट करत बसलो होतो. सांगायचं तेव्हाच होतं. त्यानंतर दर वर्षी ते जास्त अवघड होत गेलं, आणि तुझी आई फोन धरून बसायची तेव्हा मी दुकानात काम काढायचो.

गल्लीतले सगळे अजून वाद घालतात की खुर्ची का उठते. तुझी आत्या चारचौघांत छाती फुगवून तुझं नाव घेते. ज्याला उत्तर माहीत आहे तो मात्र सगळ्यांना विणकाम ढिलं आहे म्हणून सांगत बसला.

आता दोन कामं कर.

पहिलं, खुर्चीवाल्याची नक्कल शेवटच्या भागात घे. मला काय वाटेल याचा विचार करू नकोस. फक्त एक दुरुस्ती आहे. मी उजवी बोटं आपटतो. तू तेव्हा डावी आपटली होतीस, आणि त्या भागात खुर्चीचाही डावाच पाय आपटत होता. तू समोर बसून पाहायचास, म्हणून उलटं बसलं असेल डोक्यात. नक्कल करायची तर नीट कर.

दुसरं, माझा पास बदलून दे. दाराजवळची खुर्ची मला नको. मधली रांग दे, आणि रांगेतही अगदी मधली जागा. दोन्ही बाजूंना चांगली धडधाकट माणसं बसव, म्हणजे उठायचं मनात आलंच तरी दहा-बारा जणांचे गुडघे तुडवावे लागतील. शेवटचा विनोद मला ऐकायचा आहे. सात वर्षं राहिला आहे तो.

आणि शेजारच्याने विचारलंच, ओळखता का याला, तर मी सांगणार आहे. वेळ लागेल. बोटं आपटतील, लोक वळून बघतील. माझं सांगून होईपर्यंत तू पुढचं बोलू नकोस. तेवढा थांब.

मधल्या रांगेतला,
तुझा बाबा