प्रत्येक कळ शेवटच्या ओळीवर

प्रिय ताई,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कुरकुरायचा थांबला का? इकडे सगळं ठीक आहे (हे वाक्य रिवाजापुरतं समज).

तुझ्या भाचीचा नववा महिना, जावईबापू दूर जहाजावर, घरात बाईमाणूस कुणी नाही. म्हणजे सारी भिस्त माझ्यावर. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, दोन कळांमधला वेळ मोजा. घड्याळाकडे टक लावून बसणं मला कधीच जमलं नाही (परीक्षेतही मी खिडकीबाहेर बघायचो), म्हणून कळ ओसरली की मी आपली शाळेतली नदीची कविता सुरू करायचो. पण ती अर्ध्यावर कशी सोडवणार? लेकीचा चेहरा आक्रसू लागला की मी भराभर शेवट गाठायचो, कळ आलीच नाही, तर शेवटचं कडवं पुन्हा पुन्हा घोळवायचो (तिथे गुरुजींचा आवाज कापरा व्हायचा, आठवतं?). साहजिकच प्रत्येक कळ नेमकी शेवटच्या ओळीवर! एवढा नेम पाहून मी दोनदा गाडीवाल्याला बोलावलं आणि दोनदा आम्ही बॅगेसकट परत आलो.

दुसऱ्या खेपेला सिस्टरनी विचारलं, "आजोबा, किती मिनिटांनी येतायत?" मी म्हणालो, "दर कवितेला." मग त्यांनी नीट समजावलं: या खोट्या कळा. खोट्या म्हणजे मुलगी सोंग करते असं नव्हे; पोट खरंच आवळतं. पण त्या वेळीअवेळी येतात आणि थोडं चाललं, कूस बदलली, पाणी प्यालं की ओसरतात. खऱ्या कळा कशालाच बधत नाहीत. जवळजवळ येत जातात, जोर वाढत जातो. पाणी गेलं किंवा रक्त दिसलं, तर मोजत बसायचंच नाही, सरळ यायचं.

लेक परतताना गाडीत म्हणाली, "बाबा, कळा मला येतायत आणि ताल तुम्ही धरताय!" आता ती म्हणते, तुमच्या सांगण्यावरून मी उंबरठासुद्धा ओलांडणार नाही. खऱ्या कळांनाही ती घरीच बसून राहिली तर, या धास्तीने हे पत्र लिहितोय.

तुझा,
धाकटा

ता. क. म्हणून तू ये. तुझं ती ऐकते.

पुन्हा ता. क. पाणी पिऊन झालं, कूस बदलून झाली, गॅलरीत फेऱ्या झाल्या. कळ हटत नाही. कवितेचं पहिलं कडवंही पुरं होत नाही. गाडीवाल्याला तिनेच बोलावलं, तुलाही तिनेच फोन केला, तेव्हा हे पत्र आता माझ्या खिशातच राहणार. घड्याळ तिच्या हातात आहे. मला म्हणाली, "बाबा, मोजू नका. नुसती म्हणा."