टँकर आधी कुठल्या पंपावर जाणार

अब्बा, तुमचा टँकर गॅरेजला आहे असं तुम्ही मला महिनाभर सांगत होतात आणि मी वेडी ते खरं धरून बसले. रोज डबा बांधून देत होते. तुम्ही डेपोच्या आवारात दुसऱ्यांचे टँकर धूत होतात, साबणाने हात फुटले होते, आणि मी विचारलं तर म्हणायचात, ग्रीसने होतं असं. तीस वर्षांवर झाली त्याला. मला कळलं कधी, तर गेल्या शुक्रवारी, तेही परक्या माणसाकडून. तुमच्याबरोबर टँकर चालवायचा तो मल्याळी, आता पार म्हातारा झालाय, आमच्या ह्यांच्या सलमाबादच्या गॅरेजात मुलाची गाडी घेऊन आला होता. मी डबा द्यायला गेले होते. चहा पिता पिता सहज बोलून गेला. तुम्ही तर मरून मोकळे झालात, आता भांडू कोणाशी?

ते दिवस मला नीट आठवतात. कुवेतची लढाई चाललेली. आई गेल्यावर तुम्ही मला गावाहून इथे अरबांच्या बेटावर आणलंत त्याला वर्षही झालं नव्हतं. मी एकोणीस वर्षांची, चौथी पास, हिंदीसुद्धा मोडकी. लोक खिडक्यांच्या काचांना टेप लावत होते आणि जो तो गाडीची टाकी भरून ठेवायला धावत होता. बेटावर एवढी मोठी रिफायनरी, तरी पंपावरचा माणूस हात हलवून सांगतो, मफी, म्हणजे नाही. मी विचारलं, असं कसं? तुम्ही स्वयंपाकघरात ओट्यावर टोप उपडा ठेवता. हा डेपो. समोर चहाचे कप मांडता. हे पंप. "पेट्रोल संपलेलं नाय गो. पंपाच्या खाली जमिनीत टाकी असते. एरवी ती दोन दिवस जाते. आता सगळे एकाच सकाळी आले, तर दुपारीच खलास. परत भरायची तर टँकर पाहिजे. टँकर मोजके, आणि अर्धे ड्रायव्हर घाबरून मुलखाला गेले." मग एकेका कपावर बोट ठेवून सांगता, उद्या सात वाजता आधी मीना सलमान बंदराच्या वाटेवरचा, मग हा, मग तो. आणि म्हणता, हे बाहेर बोलायचं नाय. म्हणालात तुम्ही. मी ऐकलंही होतं. मी नाकारत नाही.

पण शेजारची खाला दारात येऊन बसली. आपल्याच तालुक्यातली, तिचा नवरा पिकअपमधून मासळी पोचवायचा, दोन दिवस गाडी उभी. "तुझ्या बापाला सगळं ठाऊक, आणि आम्ही रांगेत मरायचं काय गो?" मी म्हणाले, सातला, मीना सलमानच्या वाटेवर. एकट्या खालालाच सांगितलं. पण कोकणातली माणसं, कोणाचा मेव्हणा, कोणाचा गाववाला. पहाटे फजरच्या नमाजापर्यंत सगळ्यांना खबर. सातला तुम्ही टँकर घेऊन पोचलात तर पंपावर रस्त्यापर्यंत आपल्याच लोकांच्या गाड्या, आणि टँकर आत वळायची वाटच बंद. त्यांना टँकर दिसत होता, तुम्हाला पंप दिसत होता. मागे कोणी हटेना, कारण हटला की नंबर गेला. दोन तास थांबून तुम्ही भरलेला टँकर पुढच्या पंपाला घेऊन गेलात. आपली माणसं तिथेच कोरडी राहिली, खालाचा नवरासुद्धा.

घरी आल्यावर तुम्ही खालाच्या देखत मला बोललात. "या घरातल्या बाईने पुन्हा टँकरच्या कामात तोंड घालायचं नाय." नंतर कधी कप मांडले नाहीत. मी कधी विचारलं नाही. लग्न झालं, पोरं झाली, तरी पंपावरून जाताना मान खाली जायची.

आता मल्याळी सांगतो, साहेबाने विचारलं खबर कोणी फोडली, तेव्हा तुम्ही म्हणालात, मी, मशिदीबाहेर बोलून गेलो. म्हणून टँकर काढून घेतला. ह्या मल्याळ्याने तुम्हाला वेड्यात काढलं तर त्याला म्हणालात, पोरगी नवीन आहे इथे, लोक तिला तेवढ्यावरूनच ओळखतील. अब्बा, ओरडलात ते चार लोकांत, आणि सांभाळलंत ते गुपचूप. उलटं करायला काय झालं होतं?

आज हे सगळं उकरून काढायचं कारण तुमची नात. तुम्ही गेलात तेव्हा चार वर्षांची होती. तिला टँकर सोडणाऱ्या कंपनीत नोकरी मिळतेय. चालवायचं नाही, ऑफिसात बसायचं, कुठल्या पंपाला आधी, कुठल्याला मागून, ते ठरवायचं. पंधरा दिवस मी नको म्हणत होते. ती म्हणते, "गिव्ह मी वन रीझन, मम्मी." मी काय देऊ रीझन? तुमचं ते वाक्य? तिने मला समजावलं, हल्ली कुठल्या टाकीत किती उरलंय ते ऑफिसात बसून दिसतं, टाकी आटायच्या आत टँकर निघतो. मी म्हटलं, शहाणे, आणि सगळे एकाच सकाळी धावले तर? मग मोडक्या मराठीत म्हणाली, "मग टँकर आधी नाही सोडायचा. आधी दोन माणसं पाठवून वाट मोकळी ठेवायची, मग टँकर." त्या सकाळचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तुमच्या साहेबालाही हे सुचलं नव्हतं.

आमचे हे चेष्टेने म्हणाले, तुझ्या बापाने मना केलंय ना, मग त्यालाच विचार. म्हणून लिहायला बसले. चौथीचं अक्षर, चार दिवस लागले. टाकणार कुठे, पत्ता काय घालू? राहील माझ्याच कपाटात, साड्यांखाली.

कंपनीला तिने गुरुवारी कळवायचंय. आणि एक सांगते, रागवा नाहीतर काय करायचं ते करा. मी काल दुपारीच तिला हो म्हटलं. वर म्हणाले, तुझे नानाही हो म्हणाले असते. मोठ्या तोंडाने म्हणाले, पण मला ते ठाऊक नाही. तेव्हा हो की नाही, एवढंच सांगा, आणि गुरुवारच्या आत सांगा.