बाकी परिस्थिती तशीच राहिल्यास

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (या वेळी खराखुरा. आडवं पडूनच लिहितोय.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? माझं विचाराल तर गुरुवारी प्रबंधाची तोंडी परीक्षा आहे आणि आठवडाभर प्रबंध उघडायची हिंमत झालेली नाही.

प्रबंधाचा विषय तुम्हाला ठाऊकच आहे: अर्थशास्त्र हे शास्त्र म्हणवून घ्यायच्या लायकीचं आहे का? चौथ्या प्रकरणात मी आमच्या सगळ्या थोरामोठ्यांना धारेवर धरलंय. हे लोक भाकीत करतात आणि त्याला 'बाकी परिस्थिती तशीच राहिल्यास' असं शेपूट जोडतात; भाकीत चुकलं की परिस्थितीवर ढकलून मोकळे. ही चोरवाट आहे, आपण कशानं खोटे ठरू हे आधी सांगावं, असं मी ठणकावून लिहिलं (प्रयोगाआधी वहीत काय होणार ते लिहा, हे तुमच्याच वर्गात शिकलो, म्हणजे थोडा दोष तुमचाही). ते वाचून मार्गदर्शक बाई गोड हसल्या. म्हणाल्या, "मग तूच सांग की, तू कशानं खोटा ठरशील?" आणि मी दीडशहाण्यानं त्याच दिवशी विभागाच्या सूचनाफलकावर सहीनिशी कागद लावला: सोमवारपासून कँटीनचा चहा महागतोय, तेव्हा खप घटेल, न घटल्यास प्रबंध मागे घेईन. शेपूट अर्थातच जोडलं नाही.

मामा, खप वाढला. आठवड्यात बेचाळीस कप जास्त. कँटीनवाल्या काकांनी आकडा त्याच कागदाखाली लिहिलाय आणि येताजाता लोक थांबून वाचतात. बाहेरचे परीक्षकही त्याच वाटेनं येणार. पाच वर्षांचं काम माझ्याच सहीनं बुडणार. अक्षर गोड मानून घ्या.

तुमचा,
भाचा

ता. क. वाढलेल्या कपांचा छडा लागला. खप किती झाला ते बघायला मी धास्तीनं तासातासाला खाली जातो, आणि नुसतं उभं राहिलं तर काका रोखून बघतात, म्हणून एक चहा घेतो. एरवी मी चहाला शिवत नाही. या आठवड्यात एकोणपन्नास कप प्यालो. म्हणजे बाकीच्यांचा खप घटलाच, मी खरा ठरलो. पण हे परीक्षकांना सांगायला तेच शेपूट लागतं, आणि ते जोडलं की चौथं प्रकरण गेलं.

ता. क. २. तुमच्या शाळेत प्रयोगशाळा सहायकाची जागा निघालीय म्हणे. भरली का? लंबकाकडे कितीही घाबरून बघितलं तरी तो आपला तितकाच हलतो. बुधवारपर्यंत कळवा, आणि आईला यातलं काही सांगू नका.