फाटक्या कोपऱ्याचं कार्ड

गडचिरोली
रविवार, ३ मार्च १९५७

प्रिय इस्तारी,

शुक्रवार, सात डिसेंबर १९५६, सकाळी साडेदहा वाजता तुझ्या घरच्यांनी तुला मेलेला ठरवलं. वेळ डाकवाल्या सुकलूच्या घड्याळावरची आहे. सरकारी नोकर झाल्यापासून तो सूर्यावरही विश्वास ठेवत नाही. त्याने तुझ्या मुखरूदादाच्या हातात सिडनीहून आलेलं एक रंगीत कार्ड दिलं. पुढे मोठ्या लोखंडी पुलाचं चित्र होतं, मागे तुझं अक्षर होतं आणि वरचा उजवा कोपरा फाडलेला होता.

कोपरा फाडलेलं कार्ड आपल्या मुलखात काय सांगतं ते तुला मी शिकवायला नको. मयताची खबर. असं कार्ड कोणी घरात नेत नाही. अंगणात वाचतात आणि तिथेच फाडून टाकतात. तुझ्या घरात वाचणारा एकच होता, आणि तो तू. मुखरूने कोपरा पाहिला आणि हाताला चटका बसावा तसं कार्ड खाली टाकलं. तुझी आई मासोळ्यांची टोपली डोक्यावर घेऊन निघाली होती, ती टोपलीसकट मटकन खाली बसली. सुकलू म्हणतो, मी सांगून पाहिलं, "अगा, वाचून तं पाहा कोणाकडून." स्वतः त्याने का वाचलं नाही? त्याला पत्ते वाचता येतात; मजकूर वाचायचा म्हटलं की त्याचा चष्मा घरी राहतो. मला निरोप मिळून मी बंडीने तुझ्या गावी पोचेपर्यंत कार्डाचे तुकडे तळ्यात गेले होते आणि सगळं घर अंघोळ करून ओल्या कपड्यांनी ओसरीवर बसलं होतं. तुझ्या आईने, चंदाबाईने, मला पाहून एवढंच विचारलं, "बाई, तुमीच धाडलं होतं ना त्याले?"

हो, मीच धाडलं होतं. मला त्याची लाज वाटत नाही. आईच्या टोपलीमागे माझ्या दारात येऊन रॉकेलच्या डब्यावरची इंग्रजी अक्षरं वाचून दाखवणारा आणि मी चूक काढली तर माझ्याशीच हुज्जत घालणारा पोरगा जन्मभर तळ्यात जाळं फेकत राहील हे मला मान्य नव्हतं. मत्स्यविद्या शिकायला सरकार मुलं परदेशी पाठवतं आहे असं कळल्यावर तुझ्यासाठी मी ज्या ज्या साहेबाचं डोकं खाल्लं, ते सगळे आता माझ्यासारखेच पेन्शनीत निघाले आहेत.

कार्डाचा उलगडा मी महिन्याच्या आत केला. वाटेतल्या एका डाकघरात (कुठल्या ते लिहीत नाही, माझी तक्रार वर गेली आहे) एका बाबूला परदेशी तिकिटं जमवायचा नाद आहे. तुमच्या तिकडच्या ऑलिंपिक खेळांचं नवं तिकीट पाहून त्याला राहवलं नाही. वर मला समजावतो, "बाई, पाण्यात भिजवून काढलं असतं तर शाई पसरली असती. मजकूर खराब होऊ नये म्हणून फाडलं." म्हणजे उपकारच केले म्हणायचे. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी शिकवलेलं सगळं इंग्रजी मी त्याच्यावर खर्च केलं, आणि त्यांनी न शिकवलेलं थोडं मराठीही. ते तिकीट त्याच्याकडून हिसकून मी तुझ्या गावी नेलं, पंचांसमोर ठेवलं. सगळ्यांनी हातात घेऊन पाहिलं. मुखरूने तर उन्हात धरून पाहिलं. मग चंदाबाई म्हणाली, "तिकिटासाठी फाडलं, मानलं बाई. मंग त्याच्या मागून दुसरं पत्र काऊन नाई आलं?"

इस्तारी, मी तीस वर्षं शाळा चालवली. इन्स्पेक्टर साहेबापुढे मी कधी मागे हटले नाही. त्या दिवशी तिकीट पदरात बांधून बंडीत चढले.

तुझी पत्रं कशी ऐकली जात ते तुला कोणी सांगितलं नसेल. चंदाबाई टोपली माझ्या पायरीवर ठेवायची, तुझी बायको गोकुळा तिच्यामागे अर्धा पदर तोंडात धरून उभी राहायची आणि मी वाचायचे. समुद्राचं पाणी खारट असतं हे पुस्तकात होतं, पण ओठाला लागेपर्यंत खरं वाटलं नाही, असं तू लिहिलंस तेव्हा तुझ्या आईने विचारलं, "मंग तिथले लोक अंघोळीले काय करतात?" नाताळात तिकडे घाम गळतो, लोक जवळजवळ उघडे वाळूत लोळतात, पोरं फळीवर उभी राहून लाटेवरून घसरत येतात, खाडी ओलांडणाऱ्या बोटीतून उतरलं की तळलेली मासोळी वर्तमानपत्रात बांधून मिळते, हे सगळं आम्हाला पाठ आहे. शनिवारी पहाटे तू मासळीबाजारात पेट्या उचलायला जातोस. तिथला ग्रीक दलाल तुझा हात चुकला की 'प्रोफेसर' म्हणून ओरडतो. ट्रॅमवाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळे मोठ्याने बोलतात, आणि पुलावरचे दिवे लागले की खाडीच्या पाण्यात दुसरं गाव वसतं. तुझ्या पत्रातून ते शहर इतकं गजबजायचं की माझ्या पायरीवर जागा उरायची नाही. मासोळ्या नासायच्या, गिऱ्हाईक दुसरीकडे जायचं, पण तुझी आई हलायची नाही. "अजून एकडाव वाचा बाई, ते उघड्या लोकायचं."

सप्टेंबरच्या पत्रात तू लिहिलंस की घरमालकिणीची मुलगी तुला समुद्रात पोहायला शिकवते आहे. तळ्यात वाढलेल्या ढीमराच्या पोराला पोहायला शिकवायला कोणी लागतं? मी हे वाक्य जसंच्या तसं वाचलं. मी शिक्षिका आहे, वाक्यं गाळत नाही. चंदाबाई हसून हसून खोकली. गोकुळा हसली नाही. ती म्हणाली, "तिले लिहा बाई, त्याले लाटेत लई आत नेऊ नोको म्हणा. तो पाण्यात गेला का घरचं इसरते." त्या पत्रात तू परीक्षेबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतंस. ते माझ्या ध्यानात आलं होतं. मी तुझ्या उत्साहाच्या नावावर जमा केलं.

आता गावची हकीकत. पंचांचं म्हणणं असं, की माणूस गेला आणि त्याचा देह मिळाला नाही तर पळसाच्या काड्यापानांचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा, नाहीतर तो ना इकडचा ना तिकडचा असा भटकत राहतो. मी ओरडले, जिवंत माणसाला जाळता का रे? तर मुखरू हळूच म्हणाला, "बाई, तुमच्यात नसन असं. तो तिकडे भुकेला फिरत असन तं?" मुखरू दुष्ट नाही, हे तू लक्षात ठेव. दुष्ट असता तर मला भांडायला सोपं गेलं असतं. माझ्या तोंडाला कंटाळून पंचांनी होळीनंतरच्या अमावस्येपर्यंत मुदत दिली आहे. पळस आता लाल झाले आहेत, पानं झडून गेली, म्हणून मुखरूने पानं आधीच तोडून छपराखाली सुकत घातली. परवा गेले तेव्हा तो काड्या बांधत होता आणि चंदाबाई भिंतीवर हात लावून त्याला दाखवत होती, "इथवर होता. बंबईले गेला तवा इथवर होता." तुझी उंची ठरवत होते, इस्तारी. मला तिथे उभं राहवलं नाही.

आणि गोकुळा. तिने बांगड्या फोडू दिल्या नाहीत. कुंकू पुसलं नाही. त्यामुळे ती ना सवाशिणींत धरली जाते ना विधवांत. हळदीला तिला बोलावणं येत नाही. तळ्यावर ती उतरली की बाया घागरी उचलून पलीकडच्या काठाला जातात. पुतळा जळला की त्याच पंधरवड्यात तिचा पाट मनसारामशी लावायचा असं ठरलं आहे. तोच, वरच्या वस्तीतला विधुर. माणूस सज्जन आहे, तुझ्या आईला विचारायला आला तर मान वर करत नव्हता. गोकुळा त्याच्या तोंडावर म्हणाली, "मनसारामभाऊ, माह्या नवऱ्याच्या राखेवर मले चूल मांडाले लावता काय?" तो बिचारा चपला विसरून गेला.

तू तार करायचा विचार करशील. करू नकोस. तुझ्या गावात तार एकाच गोष्टीसाठी येते. ती उघडायच्या आधीच रडारड सुरू होईल आणि मग मी कितीही वाचून दाखवलं तरी कोणी ऐकणार नाही. बंद पाकीट हवं आणि आत तुझं स्वतःचं अक्षर हवं, ते मुखरूसुद्धा ओळखतो.

हे पत्र मी हवाई डाकेने तीन ठिकाणी पाठवते आहे. एक प्रत तुझ्या घरमालकिणीला, एक कॉलेजला, आणि एक 'मासळीबाजारातला ग्रीक दलाल, सिडनी' एवढ्याच पत्त्यावर. टपालखात्याने एकदा माझं वाटोळं केलं आहे, एकदा भलं करून दाखवावं. तीन प्रती का, ते आता सांगते. जानेवारीत मी तुझ्या कॉलेजला लिहिलं होतं. उत्तर आलं. तू नोव्हेंबरच्या परीक्षेला बसलाच नाहीस. राहती जागा सोडलीस. पुढचा पत्ता त्यांना ठाऊक नाही. म्हणजे त्या कार्डात, पुलाच्या चित्रामागे, तू कुठे आहेस ते लिहिलं होतं की निरोप घेतला होतास, हे फक्त तळ्यातल्या मासोळ्यांना माहीत. हे उत्तर मी गावात कोणाला सांगितलेलं नाही. मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगत आले की इस्तारी जिवंत आहे, आणि मला ते माहीत नाही. काल गोकुळा एकटीच आली, पायरीवर बसली आणि म्हणाली, "पंचायचं मी मानत नाई. आईचंही मानत नाई. अमोशाच्या सकाळी मी तुमाले इचारतो. तुमी आहे म्हनाल तं मी बांगड्या ठेवतो, सारं गाव थुंकलं तरी. नाई म्हनाल तं माह्या हातानं फोडतो." त्या सकाळी उत्तर देईन म्हणून मी होकार दिला. आणखी काय करणार होते? नापास झाला असशील तर तसं लिही. तिकडे कोणाचा हात धरला असशील तर तसं लिही. मी तुला तोंडात येईल ते बोलेन, पण नंतर. कधीच परत यायचं नसेल तर तेही लिही, म्हणजे ती खऱ्याखुऱ्या माणसावर रागावेल आणि मनसारामकडे जायचं की नाही ते स्वतः ठरवेल. खोटं बोलून मी तिला जन्मभर वाट बघायला लावू शकत नाही, आणि खरं मला माहीत नाही. अमावस्या रविवारी, एकतीस मार्चला आहे. शनिवार, तीस मार्च, संध्याकाळी पाचची डाकेची मोटार गडचिरोलीला येईपर्यंत तुझं लेखी उत्तर माझ्या हातात पडलं पाहिजे. त्यानंतर आलेलं मी उघडणार नाही, कारण तोवर मी गोकुळाला उत्तर दिलेलं असेल.

तुझीच,
मार्थाबाई