दोष दिव्यात नव्हता

प्रिय दादा,

छोटीला दात आले का? तुझं गॅरेज जोरात चाललंय, असं वहिनी सांगत होती. इकडेही झकास. कारखान्यात मोटारींच्या दिव्यांची तपासणी आता माझ्याकडे आलीय. बाबांनी आळीभर सांगून मला लाजवलं.

गेल्या महिन्यात मात्र तोंडचं पाणी पळालं होतं. थंडीत सकाळी गाडी सुरू केली की डॅशबोर्डवर खूण पेटायची: एलईडी तुटला. साहेब म्हणाले, अख्खा माल भंगारात घाला. मी एक दिवस मागून घेतला. आमच्या दिव्यात तीन एलईडी एकापुढे एक जोडलेले असतात. एक तुटला की तिन्ही विझतात. एक शॉर्ट झाला तर उरलेले दोन जळतात, पण व्होल्टेज नऊवरून सहावर येतं. मी मुद्दाम दोन्ही बिघाड करून मोजले. मालात त्यांतला एकही नव्हता. स्टार्टर फिरताना बॅटरीच सातवर घसरत होती. तेवढ्या व्होल्टेजवर तिघांचं भागेना, प्रवाह पडायचा आणि दिव्याला प्रवाह पुरवणारं ड्रायव्हर सर्किट बिचारं समजायचं, एलईडी तुटला. उपाय सोपा निघाला: बॅटरी वर येईपर्यंत दोष शोधायचाच नाही. माल वाचला. साहेबांनी स्वतः चहा आणून दिला, म्हणजे बघ.

चहा पिताना तुझी आठवण आली. बाबांच्या गॅरेजात टॅक्सीवाले काका तिसऱ्यांदा दिव्याची तीच तक्रार घेऊन आले, तेव्हा तू हेच म्हणाला होतास, "दिवा चांगला आहे, बॅटरी थकलीय." बाबांनी गिऱ्हाइकासमोर तुझं जोडकाम कच्चं ठरवलं. तू पक्कड ठेवलीस आणि गेलास. सहा वर्षं झाली. तेव्हापासून तुम्ही दोघं फोनवर हवापाण्याचंच बोलता.

बाबा तेव्हा एवढे का अडून बसले, ते तुला ठाऊक नाही. मी त्यांना सांगितलं होतं की स्टार्टर मारून बॅटरी मोजलीय, ठणठणीत आहे. मोजली नव्हती. कंटाळा केला होता, आणि नंतर सांगायला जीभ रेटेना. परवा त्यांना सगळं सांगितलं. तर म्हणाले, "मला तरी स्वतः मोजायला काय झालं होतं?" रविवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघं तुझ्याकडे येतोय. माझ्यावर हवं तेवढं रागव. बाबा मात्र दारातच अडखळतील. तू आधी बोलू नकोस, त्यांना बोलू दे.

तुझीच,
धाकटी