समुद्रराजाचा तिसरा भाग

१० फेब्रुवारी
आज माझ्या कादंबरीचा दुसरा भाग बाजारात आला! सकाळीच टोकियोहून संपादक कुरामित्सूबाईंचा फोन – "पहिल्या आठवड्यात उठाव नसला तर तिसरा भाग नाही. मनाला लावून घेऊ नका हं." म्हणजे माझा समुद्रराजा आणि त्याची कोळीण नवरी, दोघंही लग्नाआधीच बुडणार.
आईला वाटतं, मी माडीवर नगरपालिकेच्या परीक्षेचा अभ्यास करते. तिने वीस वर्षं बंदरावरच्या शेडमध्ये शिंपल्यांतली कालवं सोलून मला पदवीधर केलं. घरातली पहिलीच! शेडची पायरी मात्र कधी चढू दिली नाही. "तुझे हात पेन धरायचे." त्या हातांनी मी टोपणनावाने प्रेमकथा लिहिते, हे कोणत्या तोंडाने सांगू?

१२ फेब्रुवारी
बंदरावरच्या दुकानात माझ्या दोनच प्रती. मासिकांआडून पाहत उभी राहिले. एका शाळकरी मुलीने उचलली, चित्र पाहिलं, परत ठेवली. अगं घे ना!

१३ फेब्रुवारी
एक प्रत गेली!! कोणी नेली ते कळणार कसं – दुकानदार प्रत्येक पुस्तकाला कोरं कव्हर घालून देतो. आईसुद्धा हल्ली डबा खाताना असंच काहीतरी कव्हरातलं वाचते म्हणे. विणकामाचं असेल.

१७ फेब्रुवारी
खप बेताचा. शुक्रवारी मीटिंग.
जेवताना आई – "साहेबीणबाई, पाठीला पोक काढून बसलात तर खुर्ची कोण देईल?" मी ताठ बसून मिसो सूप संपवलं.

२१ फेब्रुवारी
होणार! तिसरा भाग होणार!! जिन्यातच बसून रडले. छातीवरचा धोंडा उतरला. कुरामित्सूबाईंना फोनवर नीट धन्यवादही देता आले नाहीत.
त्या म्हणाल्या, "आकडे काठावरच होते. पण पुस्तकातलं अभिप्राय-कार्ड हल्ली कोण पाठवतं? तुमची अकरा आली. एक तर मी मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. साहेबसुद्धा हसले!"

२५ फेब्रुवारी
ते कार्ड आज पोस्टाने आलं. नाव नाही. सगळं छापल्यासारख्या ठोकळा अक्षरांत. वय चौपन्न. काम – कालवं सोलणे.
"नवरी उघड्या हातात कालव धरून मधोमध सुरी खुपसते. तळहात फाटेल पोरीचा! लेखिकेने कधी सुरी धरलेली दिसत नाही. आणि राजाला मनातलं लवकर बोलू द्या. किती ताटकळत ठेवाल? तिसरा भाग पाहिजेच."
बंदरावर पन्नास बायका कालवं सोलतात. कोणीही असेल. कोणीही!

२६ फेब्रुवारी
सकाळी आईने टेबलावर घमेलंभर कालवं ओतली. शेजारी तिची जुनी सुरी.
"ये. आधी डाव्या हातात हातमोजा घाल."